दार ठोठावण्याआधी विचारणाऱ्या परेराबाई

परेराबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहिणं शोभतं की नाही ठाऊक नाही. पण गोडगोड खोटं लिहिलं तर बाईच ते पान फाडतील. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. परळला एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला आमचं चर्चामंडळ भरतं. गिरणीतल्या चार वाचणाऱ्या माणसांनी ते सुरू केलं, माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा नवा सभासद होतो आणि मोठ्याने बोललं की मुद्दा सिद्ध होतो अशी माझी ठाम समजूत होती. मी टेबलावर मूठ आपटून काहीतरी ठणकावत असताना समोरच्या सुती साडीतल्या सडपातळ बाई शांतपणे म्हणाल्या, "सावंत, आता हेच दुसऱ्या बाजूने मांडा. त्यांना पटेल असं मांडा, मग तुमचं ऐकू."

"का म्हणून? मी काय त्यांचा वकील आहे?"

"नाही. पण त्यांचं म्हणणं तुम्हाला कळलंय का, ते मला बघायचंय."

मला ते कळलेलं नव्हतं. चरफडत खाली बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, त्या मंडळात पुन्हा पाऊल टाकणार नाही. पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला मी तिथे हजर होतो.

श्रीमती आग्नेस परेरा गिरगावच्या. आमच्यासारख्या कोकणातून पोटासाठी आलेल्या नव्हेत. मुंबई एवढी वाढायच्या आधीपासून त्यांचं घराणं इथलंच. मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकायचा विषय, असं आपण सगळे मानत आलो. बाईंनी तो वर्षभर शिकवला. त्या वर्गात चिठ्ठ्या टाकून वर्गप्रतिनिधी निवडायच्या. एका वर्षी निवडून आलेली मुलगी मुख्याध्यापिकांना पसंत नव्हती. "दुसरी नेमा," असा निरोप आला. बाईंनी उलट निरोप धाडला, "नेमायचीच होती तर चिठ्ठ्या कशाला टाकायला लावल्यात?" त्यापायी वर्षभर त्यांच्याकडचा वर्ग काढून घेतला गेला. ती मुलगी मात्र प्रतिनिधी राहिली. ही हकीकत बाईंनी मला कधी सांगितली नाही. ती मुलगी आज आमच्या मंडळाची खजिनदार आहे, तिच्याकडून कळली.

आता मंडळाच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. ठरावावर मत दिलं की वहीत सही करायची, आणि ठराव बाजूच्या व विरोधातल्या सगळ्यांच्या नावांसकट खाली जिन्यापाशी फळ्यावर लावायचा. गिरणीत निनावी तक्रार साहेबाच्या केराच्या टोपलीत जायची. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, जे बोलायचं ते नाव घालून बोलायचं. बाईंना ही रीत फार प्रिय. एकदा एका टॉवरवाल्या बिल्डरने आमची येण्याजाण्याची गल्ली बंद केली. आम्ही विरोधाचा ठराव फळ्यावर लावला, तर त्याचा एक धिप्पाड माणूस गिरगावात बाईंच्या घरी पोचला. बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "यादीत पहिलं नाव माझंच आहे. वाचलंत ना नीट?" तो चहा पिऊन निघून गेला. ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आलो. आमची चूक तिथूनच सुरू झाली, असं आता मला वाटतं.

निवृत्तीनंतर बाई आठवड्यातले तीन दिवस परळच्या इस्पितळांच्या आसपास असतात. लांबून उपचाराला आलेल्या माणसांना फॉर्म भरून देणं, खोली मिळवून देणं, भाजी कुठे स्वस्त मिळते ते दाखवणं, असली कामं. तिथेच त्यांना परदेशातून आईला घेऊन आलेली एक मुलगी भेटली. आपण तिला मरियम म्हणू. तिचं खरं नाव, देश, आईचा आजार, काहीच मी लिहिणार नाही. हा लेख छापायला देण्याआधी बाईंनी तो इंग्रजीत करून तिला फोनवर ऐकवला. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत.

मरियमच्या देशात त्या सुमाराला निवडणूक झाली होती. निकाल आधीच ठरला होता असं लोकांचं म्हणणं. लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने गोळ्या झाडल्या. तिचा धाकटा भाऊ एका मतदान केंद्रावर कारकून होता. तिथे मोजलेले आकडे आणि जाहीर झालेले आकडे वेगळे आहेत, हे त्याने चौकात उभं राहून सांगितलं आणि त्याच दिवशी तो भूमिगत झाला. ती इथे आईच्या उशाशी बसून मोबाइल पाहत असायची. आईला यातलं काही कळू दिलं नव्हतं.

बाईंनी तिला एका रविवारी मंडळात आणलं. विषय मीच सुचवला होता: निवडणुकीवरून उठलेला जनतेचा आवाज सरकार चिरडत असेल, तर बाहेरच्या सत्तांनी हस्तक्षेप करावा का? मी बाजूने बोललो, आणि बोललो म्हणजे काय, पेटलोच. म्हटलं, "अहो, चाळीत शेजारच्या खोलीत कोणी बायकोला मारतोय, तर आपण दाराला लाथ घालतो की नाही? तेव्हा कोणी म्हणतं का, हा त्यांचा घरगुती मामला?"

बाई विरोधात होत्या. म्हणाल्या, "दार जरूर ठोठावा, सावंत. पण सोडवायला गेलेल्याने त्या खोलीतच मुक्काम ठोकला तर? खोल्या बळकावणारे तुम्ही लालबागला कमी पाहिलेत? आणि निर्बंध घालून, म्हणजे त्या खोलीचं पाणी तोडून, धडा शिकवायचा म्हणाल, तर मारणाऱ्या दादाच्या घरी टँकर येतो. तहानलेली राहते ती मार खाणारी बाई."

मग मरियम उठली. ती इंग्रजीत बोलत होती, बाई एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. "गोळ्या सुटत होत्या त्या दिवशी मला कोणीही चाललं असतं. सैतान आला असता तरी मी दार उघडलं असतं. आता भीती वाटते, की जो येईल तो माझ्या भावासाठी येणार नाही."  खाली तालमीत वजनं आदळत होती.

मतदान झालं. दोन मतांनी ठराव मंजूर झाला, माझी बाजू जिंकली. मरियमने विरोधात मत दिलं. ती पाहुणी होती, सही केली नसती तरी चाललं असतं. पण वही तिच्यापुढे आली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "हे मोजलं जाईल ना?" तिने बाईंना विचारलं. आम्हा सगळ्यांचं काळीज हललं. तिने सही केली. मी त्याच उत्साहात ठराव मराठीत आणि इंग्रजीत सुरेख अक्षरात लिहिला, सगळी नावं घातली, तिच्या नावापुढे तिचा देशही घातला. खाली मंडळाच्या अध्यक्ष म्हणून बाईंनी सही केली. मी तो फळ्यावर लावला आणि वडापाव खायला गेलो.

कोणीतरी फळ्याचा फोटो काढला. वाईट हेतूने नव्हे, कौतुकानेच. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, तिथून आणखी कुठे.

बुधवारी दुपारी बाईंचा फोन आला. "सावंत, फळ्यावरचा कागद काढा. आत्ता. मग माझ्याकडे या." आणि फोन ठेवला. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.  मी कागद काढला, टॅक्सी केली आणि गिरगाव गाठलं.

बाईंच्या बाहेरच्या खोलीत मरियम ताठ बसली होती. तिकडे तिच्या वडिलांच्या घरी सरकारची माणसं आली होती. त्यांच्या हातात आमच्या फळ्याचा फोटो होता. बाहेरच्या देशांनी आपल्या देशात घुसावं असं तुमची मुलगी सही करून मागते, याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. तिने विरोधात मत दिलं होतं, हे वाचण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. ते वडिलांना घेऊन गेले. भाऊ अजून सापडला नव्हता. दोन-तीन दिवसांत तो सीमा ओलांडून शेजारच्या देशात जाणार होता.

तरी माझं तोंड बंद राहील तर शपथ. म्हटलं, "उद्याच पत्रकार परिषद घेऊ. मोठमोठ्या देशांच्या वकिलातींवर मोर्चा नेऊ. एकदा जगाला कळलं की हात लावायची हिंमत होणार नाही त्यांची!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी मरियमला विचारलं, "तुला काय हवंय? कोणाला सांगू? काय सांगू?"

 मरियम म्हणाली, "तो पलीकडे पोचेपर्यंत एक शब्दही नको. गाजावाजा झाला तर ते सगळे रस्ते बंद करतील. फक्त शेजारच्या देशाला एवढंच सांगा, की असा एक माणूस तुमच्या चौकीवर येईल, त्याला परत ढकलू नका."

बाईंनी तिथल्या तिथे चार ओळींचं पत्र हाताने लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिने एक शब्द बदलला, बाईंनी पुन्हा नव्याने लिहिलं. गुरुवारी त्या स्वतः त्या शेजारच्या देशाच्या इथल्या कचेरीत जाऊन दोन तास बाकावर बसल्या आणि पोच घेऊन परतल्या. परक्या सत्तेच्या हस्तक्षेपाला जाहीर विरोध केलेल्या बाईंनी परक्या सत्तेचं दार असं ठोठावलं.

मला मात्र राहवेना. माझ्या हातून घडलेलं मला निस्तरायचं होतं, आणि खरं सांगायचं तर माझी तगमग मला सोसवत नव्हती. दादरला माझ्या ओळखीचे एक पत्रकार राहतात. शुक्रवारी अकराला येतो असं मी त्यांना गुपचूप कळवलं. बाईंना कसं कळलं देव जाणे. अठ्ठावीस वर्षं माझा चेहरा वाचतायत, त्यातूनच कळलं असणार.

शुक्रवारी सकाळी आठला आमच्या लालबागच्या खोलीच्या दारात बाई उभ्या. हातात कापडी पिशवी. "आज दिवसभर इथेच आहे मी. तुमचा फोन टेबलावर ठेवा." आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या.

"बाई, मी काय कैदी आहे?" मी भडकलो. आणि बोलल्याबरोबर जीभ चावली, कारण खरोखरचा कैदी दूर कुठेतरी बसला होता.

बायको आतून म्हणाली, "गप रवा जरा. बाय सांगतत ता आयका." तिने बाईंपुढे घावणे ठेवले. बाईंनी हात लावायच्या आधीच ते थंड झाले.

साडेदहाला मी सदरा घातला. "मी जातो. तुम्ही भ्यायलात, बाई."

"हो. भ्यायलेय. रात्री डोळा लागत नाही माझा. तुम्हाला भीती कशी वाटत नाही, हे मला कळत नाही."

"अहो, गप्प बसणं म्हणजे त्या सरकारला मदतच!"

"असेल. मरियमला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती घाबरलीय. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

"म्हणून तिचं मत बाद?" बाई उठून उभ्या राहिल्या. "सावंत, हेच केलं ना हो तिच्या सरकारने? लोकांना काय कळतंय, त्यांचं भलं आम्हाला कळतं. आणि आता तुम्ही सदरा चढवून तेच करायला निघालात."

 रागाने कान तापले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम. मी सदरा काढून खुंटीला लावला. पत्रकाराला फोन केला तोही बाईंच्या समोर, तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. बाईंनी त्या खोटेपणाबद्दल मला काही ऐकवलं नाही.

उरलेला दिवस आम्ही तिघं समोरासमोर बसलो. फोन वाजला की तिघं दचकायचो. एकदा बँकवाल्यांचा, एकदा गॅसवाल्याचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मरियमचा आला. बाईंनी कानाला लावला, "हो... हो..." म्हणाल्या आणि माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. भाऊ पोचला होता. चौकीवर त्याला दिवसभर बसवून ठेवलं होतं, पण परत पाठवलं नव्हतं. ते चार ओळींचं पत्र कामी आलं की चौकीवरच्या एखाद्या शिपायाला दया आली, हे आजतागायत कोणालाच ठाऊक नाही. बाईंना विचाराल तर त्या श्रेय शिपायाला देतील.

त्यानंतरच्या रविवारी बाई अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याने बोलल्या. "ठराव लावला सावंतांनी, पण सही माझी होती. पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं सुचलं नाही, की इथे नाव घालणं शौर्य आहे आणि तिथे नाव सापडणं म्हणजे अटक. आपण तिचं ऐकलं, हळहळलो, आणि तिला न विचारता फळा भरला. हस्तक्षेप करू नये असं मी म्हणाले होते, ते अर्धं चुकलं. करावा असं सावंत म्हणाले होते, तेही अर्धं चुकलं. ज्यांच्या अंगावर त्याचे परिणाम पडणार, त्यांना आधी विचारा. ते म्हणतील ते, ते म्हणतील तेवढंच, आणि ते म्हणतील तेव्हा." त्या दिवसापासून आमच्या मंडळात सहीआधी प्रत्येकाला विचारलं जातं, नाव घालू का? बहुतेक जण हो म्हणतात. एखादा नाही म्हणाला तर कोणी कारण विचारत नाही.

मंडळातले काही जण अजूनही बाईंशी वाद घालतात. म्हणतात, सगळ्यांना विचारत बसलात तर तोवर माणसं मरतात. बाई म्हणतात, "खरं आहे. म्हणून लवकर विचारा." यावर वाद पुन्हा सुरू होतो, आणि मी हल्ली हात वर करायला वेळ लावतो. त्यावरून बाई माझी टिंगल करतात. "सावंत, तब्येत बरी नाही का?"

मी त्यांना एकदा एकट्यात गाठून विचारलं होतं, "बाई, मरियमच्या वडिलांना माझ्यामुळे नेलं ना?" वाटलं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "ती माणसं त्याआधीही दोनदा त्या घरी येऊन गेली होती. त्यामुळे तुमच्यामुळे, की आपल्या दोघांमुळे, की कोणामुळेच नाही, हे कधी कळणार नाही. न कळता राहायचं. मीही राहतेय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून इस्पितळापर्यंत चालत आल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर केलेल्या मायेतली ही सगळ्यात मोठी, असं मी मानतो.

मरियमच्या आईचे उपचार आटोपले. मायलेकी आता मुलाजवळ राहतात. वडील मात्र सुटलेले नाहीत. बाई दर महिन्याला मरियमला फोन करतात, आणि ती सांगेल त्याच दारी, सांगेल तेवढंच पत्र लिहितात. कधी ती म्हणते, या महिन्यात नको. मग बाई लिहीत नाहीत. तो महिना त्यांना फार जड जातो, हे त्यांच्या चालण्यावरून कळतं.

अमृतमहोत्सव करायचा ठरला तेव्हा बाईंनी साफ नकार दिला होता. फार आग्रह केल्यावर म्हणाल्या, "मरियमच्या वडिलांनाही यंदाच पंचाहत्तरावं लागलंय. ते शिक्षक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनीही काहीतरी ठरवलं असेलच की."  अखेर खजिनदारबाईंनी, त्याच वर्गप्रतिनिधी मुलीने, त्यांचं मन वळवलं.

म्हणून या ग्रंथात, आपणा सर्वांच्या साक्षीने, मी एक नव्हे, दोन शुभेच्छा लिहितो. परेराबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यांच्याच वयाच्या, मी कधीही न पाहिलेल्या त्या गुरुजींनाही लाभो, आणि ते आयुष्य त्यांना स्वतःच्या घरी राहून काढता येवो.